जुन्या अल्बमवर माहितीपट करताय? या चुका टाळा

एखाद्या गाजलेल्या पॉप अल्बमच्या जन्मकथेवर माहितीपट करण्याची हौस पुण्यात बऱ्याच जणांना असते. कॅमेरा भाड्याने येतो, ड्रोनही येतो. टेप कुठे आहे, हे मात्र निम्मं शूटिंग उरकल्यावर विचारलं जातं. क्रम उलटा हवा: आधी टेप, मग हक्क, मग माणसं. कॅमेरा शेवटी.

टेप मिळाली की लगेच मशीनवर चढवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही टेपांमधलं, विशेषतः ॲम्पेक्स कंपनीच्या ४५६ या टेपमधलं, चुंबकीय थर धरून ठेवणारं बाइंडर हवेतली ओल शोषून चिकट होतं. पेठेतल्या वाड्याच्या माळ्यावर काही पावसाळे काढलेलं रीळ म्हणजे ठरलेला धोका. एका टीमने असंच दोन इंची (म्हणजे दोन इंच रुंद टेपचं) रीळ आणलं आणि ‘फक्त ऐकून बघू’ म्हणत लावलं. मिनिटभरात टेप किंचाळायला लागली, वेग मंदावला, हेडवर तपकिरी चिखल साचला. तो चिखल म्हणजेच गाणं. तिथे थांबायचं सोडून त्यांनी हेड पुसून पुन्हा चालवलं. दुसऱ्या खेपेला सिंबलचा वरचा आवाज गेला तो गेलाच.

टेप किंचाळली की थांबा. रिवाइंडसुद्धा करू नका. अशी टेप साधारण ५४ अंश सेल्सिअसला भाजावी लागते: पाव इंचीला निदान ८ तास, दोन इंचीला बरेच जास्त. मधे रीळ उलटं करायचं, मग तितक्याच सावकाश निवू द्यायचं. घरचा ओव्हन नको, त्याचं तापमान सहज पंधरा-वीस अंश इकडेतिकडे होतं. प्रयोगशाळेतला इन्क्युबेटर गाठा. भाजण्याआधी रीळ उजेडासमोर धरा. आरपार उजेड दिसला तर ती ॲसिटेट टेप. ती अजिबात भाजायची नाही. भाजलेली टेप काही आठवड्यांत पुन्हा ओल धरते, म्हणून ट्रान्सफरची, म्हणजे टेप डिजिटल करून घेण्याची, तारीख आधी पक्की करा. ट्रान्सफर ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. टेपच्या सुरुवातीला टोन असतील तर आधी त्यावरून हेडचा अझिमथ (टेपशी होणारा कोन) लावून घ्या. डब्यावर डॉल्बी (टेपची खरखर कमी करणारी पद्धत) लिहिलं असेल तर त्याच प्रकारचा डीकोडर लागतो.

नव्वदच्या दशकातला अल्बम असेल तर मल्टिट्रॅक (वेगवेगळ्या ट्रॅकवर केलेलं मूळ रेकॉर्डिंग) अडॅट या डिजिटल कॅसेटवर असू शकतो. ती कॅसेट दिसायला हुबेहूब व्हीएचएस, त्यामुळे घरचे ती लग्नाच्या कॅसेटांबरोबर भंगारात देतात. एका कॅसेटवर ८ ट्रॅक मावतात. २४ ट्रॅकचं गाणं तीन कॅसेटांवर असतं, एक हरवली की ८ ट्रॅक गेले.

फेडरचा प्रसंग घाईत उरकणं

रेकॉर्डिस्ट मिक्सिंग कन्सोलपाशी बसून एकेक फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) वर करतोय, नुसता बेस ऐकू येतोय. प्रेक्षक याचसाठी येतो. होतं काय, तर स्पीकरवर गाणं दणदणत असतं, त्यावर माणूस बोलत असतो आणि लेपल माइकमध्ये दोन्हीची खिचडी होते. मग एडिटला कुठेच कात्री लावता येत नाही. स्पीकर अगदी हळू ठेवा, कन्सोलचं आउटपुट थेट रेकॉर्डरच्या वेगळ्या चॅनलवर घ्या, सगळ्याला एकच टाइमकोड द्या. ‘आधी ऐकवा, थांबवा, मग बोला’ हे त्यांना आधीच सांगून ठेवा. कॅमेरे मात्र गाणं सुरू व्हायच्या आधीच चालू हवेत. वीस वर्षांनी स्वतःचं काम ऐकताना चेहऱ्यावर जे उमटतं ते रीटेकमध्ये मिळत नाही.

प्रत्येक वाद्य वेगळं निघेल हेही गृहीत धरू नका. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ (१९६७) चार ट्रॅकवर झाला. चार भरले की ते मिसळून दुसऱ्या टेपवर उतरवायचे आणि उरलेल्या ट्रॅकवर पुढचं वाजवायचं. एकदा मिसळलेलं फेडरने सुटत नाही. २०१७च्या रीमिक्सला म्हणूनच मिसळण्याआधीच्या टेपांपर्यंत मागे जावं लागलं.

यावर हल्ली तयार उत्तर असतं, ‘सॉफ्टवेअरने वेगळं करू.’ खुशाल करा, पण सिंबल पाण्यात बुडाल्यासारखे येतात आणि गळ्याची रिव्हर्ब (मागे रेंगाळणारा घुमारा) अर्धवट तुटते. ते ‘मूळ ट्रॅक’ म्हणून दाखवणं ही सरळ फसवणूक आहे.

‘तीस सेकंद चालतात’

नाही चालत. भारतीय कायद्यात सेकंदांची अशी कुठलीही सवलत नाही. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, शब्द आणि चालीचा वेगळा. परवानगी दोन्हीकडून लागते. कॅसेटच्या इनलेवर गोलातल्या पी या अक्षरापुढचं नाव बघा आणि शोध तिथून सुरू करा. कंपनी बंद पडली असली तरी कॅटलॉग कुणीतरी विकत घेतलेला असतो.

उरलेल्या

गणपतीआधीच्या दोन महिन्यांत नदीकाठाजवळ संध्याकाळी मुलाखत ठेवू नका; ढोल पथकांचा सराव कुठल्याही फिल्टरने निघत नाही.

मुलाखतीआधी फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरणार नाही.

खोलीचा नुसता आवाज मिनिटभर घ्या. कंटाळा आला तरी घ्या.

कुणी काय वाजवलं यावर दोन वादकांचं जमलं नाही तर टेपच्या डब्यावरची ट्रॅकशीट (कुठल्या ट्रॅकवर काय आहे याची यादी) बघा.

सेकंदाला २४ फ्रेमचं जुनं फुटेज २५वर नुसतं पळवलं तर गाणं सुमारे ४ टक्के जास्त वेगात जातं आणि जवळपास पाऊण सेमीटोन (लगतच्या दोन सुरांमधलं अंतर) वर चढतं. प्रेक्षकांना कळो न कळो, ज्यांनी ते वाजवलंय त्यांना पहिल्याच स्क्रीनिंगला कळेल.