लोकलमधला अभ्यास लक्षात कसा ठेवावा

विभागीय परीक्षेची तयारी लोकलमध्ये करणाऱ्या अनेकांची सवय अशी असते, की मुलुंडला उघडलेले पान मशीद बंदर येईपर्यंत चार वेळा वाचून काढायचे. चौथ्या वाचनात मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि त्या ओळखीलाच आपण पाठांतर समजतो. मात्र वाचलेले ओळखणे आणि पुस्तक मिटून तेच आठवणे ही दोन निराळी कामे आहेत.

नुकतीच कानावर किंवा नजरेवर पडलेली माहिती मेंदू जिथे हाताळतो, ती कार्यस्मृती फार लहान असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली तिची मर्यादा सुमारे सात घटकांची मानली, तर नेल्सन कोवन यांनी २००१ साली ती चारच्या आसपास असल्याचे मांडले. एका घटकात किती मावावे यावर मात्र तसे बंधन नाही, म्हणूनच मोबाइल नंबर आपण तुकडे पाडून सांगतो. तेव्हा मूलभूत हक्कांची कलमे सुटी घोकण्याऐवजी त्यांचे सहा गट करावेत आणि धीम्या गाडीच्या सहा स्थानकांवर ते उतरवावेत. दादरला चैत्यभूमी आहे, म्हणून तिथे समानता, कलमे १४ ते १८. दादरची गर्दी उतरल्यावर परळला जरा मोकळा श्वास मिळतो, म्हणून स्वातंत्र्य, १९ ते २२. करी रोडला गिरण्यांची आठवण, म्हणून शोषणाविरुद्धचा हक्क, २३ व २४. चिंचपोकळीला गणपती, म्हणून धर्मस्वातंत्र्य, २५ ते २८. भायखळ्याला वस्तुसंग्रहालय, म्हणून संस्कृती व शिक्षण, २९ व ३०. सँडहर्स्ट रोडला घटनात्मक उपाय, कलम ३२. हा शेवटचा सांधा मला कधीच नीट जमला नाही, वाचकांनी आपला शोधावा. सांधा ओढूनताणून आणलेला असला तरी चालतो, किंबहुना स्वतः जुळवलेला अधिक टिकतो.

यानंतर पुस्तक पिशवीत टाकावे आणि गाडी थांबेल तसा एकेक गट मनात म्हणावा. अडल्यास लगेच पान उघडू नये. पुढचे स्थानक येईपर्यंत आठवून पाहावे आणि मगच उत्तर तपासावे.

हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक शब्दावयव पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली दाखवून दिले, की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो व पुढे मंदावतो. त्यामुळे पहिली उजळणी त्याच संध्याकाळी परतीच्या गाडीत, दुसरी दोन दिवसांनी आणि तिसरी आठवड्याने करावी. रात्री एकपर्यंत जागू नये, कारण मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाच्या मदतीने नोंदलेल्या आठवणी पक्क्या होण्याचे बरेचसे काम झोपेतच चालते.

पाण्यात बुड्या मारणाऱ्या डायव्हरांवर १९७५ साली झालेल्या प्रयोगात पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच अधिक आठवले होते. परीक्षा मात्र लोकलच्या डब्यात नसते, म्हणून डब्यात पाठ झालेला भाग रविवारी घरी टेबलाशी बसून, कोऱ्या कागदावर, घड्याळ लावून एकदा लिहून काढावा.