सरकलेलं फुटिंग असं सावरलं

आमच्या घराचं एक फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा पाया, सेंटरलाइनपासून (कॉलमच्या ठरलेल्या मध्यरेषेपासून) १४० मिमी सरकून ओतलं गेलं. आयएस ४५६ (काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) नुसार चालणारा फरक फुटिंगच्या रुंदीच्या ०.०२ पट, म्हणजे दीड मीटरला जेमतेम ३० मिमी.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, कॉलमच्या सळ्या वाकवून जागेवर घेऊ." हे मुळीच करू देऊ नका! वाकवलेली सळई भार बाजूला रेटते, तिथलं काँक्रीट फुटतं.

स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून नव्याने हिशोब करून घेतला. कॉलम मूळ जागीच ठेवला, फुटिंग एका बाजूने २८० मिमी वाढवलं. सरकलेल्याच्या दुप्पट वाढवलं तरच कॉलम पुन्हा मधोमध येतो. जुनी कड टाचून खडबडीत केली, भोकं पाडून केमिकलने सळ्या बसवल्या. भोकांतली धूळ मात्र ब्रशने आणि हवेने पूर्ण काढा, नाहीतर पकडच येत नाही. कॉलमच्या नव्या सळ्याही तशाच बसवल्या.