जुना ऑक्टोपॅड कितीला घ्यायचा? आधी तसलाच कितीला गेला ते शोधा

आमचं बेंजो पथक पेण तालुक्यातलं. मी ऑक्टोपॅड, म्हणजे रबरी पॅडवर काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य, वाजवतो आणि पथकासाठी जुनी वाद्यं बघायचं कामही माझ्याकडेच असतं. २०१९ साली गणपती पंधरा दिवसांवर आले असताना मी ऑनलाइन जाहिरात बघून रोलँड कंपनीचा एसपीडी-३० मॉडेलचा ऑक्टोपॅड घेतला, ४६ हजारांना. त्या आठवड्यात दिसलेल्या सगळ्या जाहिराती ४५ ते ५० हजारांच्या होत्या, त्यामुळे भाव रास्त वाटला. दसरा झाला आणि शेजारच्या तालुक्यातल्या पथकाने तसलाच पीस, बॉक्स आणि अॅडॉप्टरसकट, ३५ हजारांना उचलला. आमचे पैसे वर्गणी काढून जमवलेले होते. पोरांना हिशोब सांगताना मला फार लागलं. तेव्हापासून मी वही ठेवतो, आणि वहीत बघितल्याशिवाय कुणाला टोकन देत नाही.

जाहिरातीत दिसते ती फक्त मागणी. सौदा कितीला बसला हे ओएलएक्सवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर कुठेच लिहिलेलं नसतं. वस्तू विकली की जाहिरात जाते आणि भावही तिच्याबरोबर जातो. म्हणून तो आपणच पकडून ठेवायचा.

पहिलं काम, मॉडेल नेमकं ठरवा. ‘रोलँड ऑक्टोपॅड’ एवढंच टाकून शोधलं तर एसपीडी-२०, एसपीडी-२० प्रो, एसपीडी-३० आणि एसपीडी-एसएक्स असे चार वेगळे भाव एकत्र समोर येतात. विकणाऱ्यालाही कधी कधी नाव धड माहीत नसतं. अशा वेळी फोटोतले पॅड मोजा. एसएक्सला नऊ पॅड आहेत, बाकीच्यांना आठ. एसएक्समध्ये बाहेरून रेकॉर्ड केलेले आवाज भरता येतात, त्यामुळे त्याचा भाव एसपीडी-३०शी लावून बघण्यात अर्थ नाही.

मग महिनाभर आधीपासून, घाई नसताना, जाहिरातींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. तारीख, गाव, मागितलेली रक्कम, बॉक्स, बिल, अॅडॉप्टर आहे का, एवढं वहीत उतरवा. दर तीन-चार दिवसांनी परत बघा. एखादी जाहिरात दोन महिने तशीच पडून असेल, तर त्या भावाला कुणी हात लावलेला नाही एवढं नक्की समजतं. ती रक्कम मी वरची हद्द धरतो. खालची हद्द दुकानात मिळते. एक्स्चेंज करणाऱ्या दुकानात फोन करून विचारायचं, “एसपीडी-३० चालू कंडिशनमध्ये आहे, एक्स्चेंजला किती धराल?” दुकानदार स्वतःचा नफा ठेवूनच बोलतो, त्यामुळे त्याच्या आकड्याच्या खाली चांगला पीस सहसा कुणी देत नाही.

खरा भाव या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो, आणि तो कळतो जाहिरात निघून गेल्यावर. नंबर आधीच लिहून ठेवलेला असतो. आठवड्याने फोन करायचा: “दादा, तुमचा ऑक्टोपॅड गेला ना? कितीला बसला? मलाही तसलाच घ्यायचाय, अंदाज घेतोय.” खरं बोलून विचारलं की बहुतेक जण सांगतात. विकून झालेलं असतं, लपवायचं कारण उरलेलं नसतं. काही जण तर कुठल्या पॅडला त्रास होता आणि त्यासाठी किती सोडले, तेही सांगतात. असे पाच आकडे हातात आले की माणूस घासाघीस करताना अडखळत नाही. वादकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही विचारा, पण तिथे विकणारा आणि त्याचे मित्र दोघेही असतात हे धरून चाला.

आकड्याबरोबर महिना लिहायला विसरू नका. माझी तेव्हा चूक झाली ती इथेच. आमच्याकडे गणपतीच्या आधी सगळ्यांना एकदम वाद्यं लागतात. नवरात्र उरकलं की कुणाचं पथक मोडतं, कुणाला नवं मॉडेल घ्यायचं असतं, आणि माल बाहेर येतो. पुढे तुळशीचं लग्न झालं की लग्नसराईच्या सुपाऱ्या सुरू होतात आणि भाव पुन्हा चढतो. श्रावणातला भाव कार्तिकात लावायचा नाही आणि कार्तिकातला श्रावणात मागायचा नाही.

परदेशातले सौदे बघायचे तर ईबेवर ‘सोल्ड आयटम्स’ हा फिल्टर लावा. तिथे साधारण गेल्या नव्वद दिवसांत विकलेल्या वस्तू दिसतात. किमतीवर काट मारलेली असेल तर विकणाऱ्याने त्याहून कमी ऑफर मान्य केली, असं समजायचं. पण डॉलरला रुपयाने गुणून इथल्या माणसाशी वाद घालू नका. इथे ढोलकीच्या, हलगीच्या हातासाठी एसपीडी-२० अजून मागतात, तिकडे तसं गिऱ्हाईक नाही. तिकडच्या भावावरून एवढंच बघायचं की एखादं मॉडेल उतरणीला लागलंय का.

वहीतल्या सगळ्या आकड्यांपेक्षा फारच स्वस्त काही दिसलं तर फोटो गूगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो दुसऱ्या शहराच्या जुन्या जाहिरातीत सापडला तर तिथेच थांबा. ‘फौजेत आहे, बदली झाली, कुरिअरने पाठवतो, आधी थोडे टाका’ हे बोलणं ऐकलं की मी फोन ठेवतो.

‘टोन (वाजवायचे तयार आवाज) भरून दिलेत’ म्हणून कुणी चार हजार वाढवून सांगितले तर देऊ नका. एसपीडी-३०चे किट, म्हणजे पॅडना लावलेल्या आवाजांचे संच, पेनड्राइव्हवर घेता येतात. त्यापेक्षा प्रत्येक पॅडवर आधी बोटाने हलकी टिचकी मारा, मग काठीने वाजवा. हलक्या टिचकीला आवाज येत नसेल किंवा एका ठोक्याला दोनदा वाजत असेल, तर पैसे तिथे कमी करून घ्यायचे. सतत मार खाल्लेल्या पॅडचं रबर मधोमध गुळगुळीत, चकचकीत होतं, ते उजेडात तिरकं धरून बघा.

गेल्या कार्तिकात नव्या पोरांच्या सरावासाठी एसपीडी-२० घ्यायचा होता. सांगितले २६. वहीत त्या महिन्याचे चार सौदे होते, २० ते २३ हजारांतले. मी ते चारही विकणाऱ्या दादांना वाचून दाखवले, चहा झाला आणि २१ला जमलं. घरी येऊन त्याच रात्री खाली ओळ लिहिली: कार्तिक, रोहा, मागितले २६, दिले २१, अॅडॉप्टर ओरिजिनल, तिसरा पॅड जरा बधिर. आता कुणी भाव विचारायला फोन केला की ही ओळ मी वाचून दाखवतो.