देलाक्र्वाचे ‘अल्जियर्सच्या स्त्रिया’ हे चित्र कसे पाहावे

उत्तर आफ्रिकेतील घरगुती जीवनाचा दाखला म्हणून अझेन देलाक्र्वा या फ्रेंच चित्रकाराच्या ‘अल्जियर्सच्या स्त्रिया, आपल्या दालनात’ या चित्राकडे नेहमी बोट दाखवले जाते. ते पाहण्याआधी काही तारखा ध्यानात घ्याव्यात. १८३० मध्ये फ्रान्सने अल्जियर्स, म्हणजे आजच्या अल्जीरियाची राजधानी, जिंकून घेतले. १८३२ मध्ये मोरोक्कोच्या सुलतानाकडे निघालेल्या फ्रेंच शिष्टमंडळाबरोबर गेलेला देलाक्र्वा परतीच्या वाटेवर काही दिवस अल्जियर्समध्ये थांबला. आणि चित्र पूर्ण झाले ते १८३४ मध्ये, पॅरिसमधील त्याच्या चित्रशाळेत. त्याला अल्जियर्समधल्या घरात प्रवेश कसा मिळाला याची हकीकत इतरांनी मागाहून सांगितलेली असल्यामुळे तिच्यावर फार भिस्त ठेवू नये.

त्यानंतर वस्तू पाहाव्यात. गालिच्यावर काढून ठेवलेल्या सपाता, हुक्का, भिंतीवरच्या नक्षीदार फरशा, आरसा आणि अर्धवट उघड्या कपाटातील काचेची भांडी यांत प्रवासी चित्रकाराची बारीक नजर दिसते, आणि चित्राचा हा भाग मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो. उजवीकडे बसलेल्या स्त्रीच्या हिरव्या विजारीवर पिवळी बारीक नक्षी आहे. जवळून ती सुटी दिसते, पण चार पावले मागे सरकल्यावर दोन्ही रंग मिसळून हिरवा अधिक उजळतो. हे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे; तिथे जाणे शक्य नसेल, तर पडद्यावर चित्र मोठे करून व पुन्हा लहान करून हा फरक अवश्य अनुभवावा.

मग माणसांकडे वळावे. बसलेल्या तिघी काहीच करत नाहीत. घरात मूल नाही, चूल नाही, शिवणटिपण नाही. उभी असलेली एकमेव व्यक्ती म्हणजे आपल्याकडे पाठ करून मान वळवणारी कृष्णवर्णीय सेविका, आणि घर चालते ते तिच्या कष्टांवर, हे चित्र नकळत सांगून जाते. अल्जियर्समध्ये केलेल्या रेखाटनांवर देलाक्र्वाने मूनी, झोहरा अशी नावे लिहून ठेवली होती. रंगवलेल्या चित्राच्या शीर्षकात मात्र फक्त शहराचे नाव उरले, आणि ही उणीव मला फार बोचते.

तुलनेसाठी त्याचेच ‘मोरोक्कोतील ज्यू विवाह’ समोर ठेवावे. टँजियरमधील त्या लग्नाला तो स्वतः हजर होता, आणि चौकातील गर्दी, वाजंत्री व नाच यांमुळे तिथे घर राबते-गाजते दिसते.

शेवटी फ्रान्समधील मोंपेलिए येथील फाब्र संग्रहालयातील ‘अल्जियर्सच्या स्त्रिया’ची १८४९ ची दुसरी आवृत्ती पाहावी. तिथे त्याच स्त्रिया लहान होऊन मागे सरकल्या आहेत आणि अंधार वाढला आहे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून कोणत्या वस्तू टिकल्या आणि कोणत्या पुसट झाल्या याची यादी करावी, म्हणजे प्रवासाला सतरा वर्षे उलटल्यावर निरीक्षणाची जागा आठवणीने किती घेतली, ते ठरवता येते.