जिप्सीला बॉडी लिफ्ट करताय? ठोकळे सोपे आहेत, या बाकीच्या चुका टाळा

साताऱ्यात जुनी जिप्सी हातात आली की माणसाला पहिली खाज सुटते ती गाडी उंच करायची. मलाही सुटलेली. आमच्या ग्रुपमधल्या एकाचं म्हणणं तर एवढंच, "लका, दोन इंच उचलली की दोन इंच वर आली, त्यात काय हिशोब करायचा?" हिशोब इथंच चुकतो.

बॉडी लिफ्टमध्ये चेसिस म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, एक्सल, स्प्रिंगचे पाटे सगळं जागच्या जागी राहतंय. फक्त बॉडी आणि चेसिसच्या मधी ठोकळे जातात आणि वरचा डबा उचलला जातो. म्हणजे उसाच्या ट्रॉल्या जाऊन जाऊन ज्या खोल चाकोऱ्या पडतात त्यातनं गाडी घातली आणि मधल्या उंचवट्याला एक्सलवरचा डिफचा (डिफरन्शियलचा) गोळा घासत असेल, तर बॉडी लिफ्ट केल्यावरही तो तिथंच आणि तेवढाच घासणार. बॉडी लिफ्टचा उपयोग एकच, मोठ्या टायरला जागा. जिप्सी किंगचा २०५/७० आर १५ टायर साधारण ६६८ मिमी उंच भरतो, २३५/७५ आर १५ घातला तर ७३३ च्या आसपास. फरक ६५ मिमी, त्यातला निम्माच एक्सलखाली मिळतो, म्हणजे सव्वा इंच. एवढ्यासाठी सगळा खटाटोप. हे पटलं तरच पुढं वाचा. आणि टायर आतल्या बाजूला पाट्याला घासत असेल तर बॉडी कितीही उचला, फरक पडणार नाही, तो रिमच्या ऑफसेटचा, म्हणजे रिम किती आत-बाहेर बसतो त्याचा विषय आहे. डस्टर, ब्रेझावाले विचारतात आमच्या गाडीला बसेल का, तर नाही, तिथं बॉडी आणि चेसिस वेगळंच नसतंय, ठोकळा घालणार कुठं?

आता मुद्द्याचं. एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या मामांकडं मी ठोकळे करून घ्यायला गेलो तर ते म्हणाले, "बॉडी अर्ध्या दिवसात उचलून होईल, पण उचलल्यावर काय काय ताणलं जाणार ते आधी लिहून आण." मी हसलो आणि यादी काय केली नाही. ती न केलेली यादीच म्हणजे हा लेख आहे असं समजा.

इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग बॉक्स चेसिसवर बसलेलं. पेडल, स्टिअरिंगचा रॉड, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, रेडिएटर हे बॉडीबरोबर वर जाणार. जे जे ह्या दोघांच्या मधी आहे ते दोन इंच ताणलं जाणार किंवा वाकडं होणार. पान्हा हातात घ्यायच्या आधी बॅटरीची तार काढा, गाडीखाली झोपा, मोबाईलवर वीसेक फोटो काढा आणि प्रत्येक पाइप, केबल, वायर कुठनं कुठं जाते ते बघा. ज्या गाड्यांत पेट्रोलची टाकी चेसिसला असते आणि तेल भरायचं तोंड बॉडीला, तिथं मधला रबरी पाइप पण बघायचा, नाहीतर टाकी फुल केली की गाडीत पेट्रोलचा वास.

सगळ्यात घातक चूक स्टिअरिंगची. रॉडचा जोड दात्यांवर सरकणारा असतो, त्यामुळं बॉडी उचलली की तो आपोआप थोडा लांब होतो आणि आपण म्हणतो वा, काहीच करावं लागलं नाही. पण आत दाते किती धरलेत ते बाहेरनं दिसत नाही. दात्यांच्या जेमतेम टोकावर लटकलेला जोड घाटात वळणावर सुटला तर हातात नुसतं चाक राहील. उचलायच्या आधी जोडापाशी पांढऱ्या रंगाची रेघ मारा, उचलल्यावर ती किती सरकली ते मोजा. सरकलं असेल तर तयार एक्स्टेन्शन स्पेसर बसवायचा. इथं कुणी म्हणालं रॉड कापून मधी तुकडा वेल्ड करून देतो, तर हात जोडून गाडी घरी आणा. मी बाकी बऱ्याच ठिकाणी जुगाड खपवून घेतो, स्टिअरिंग आणि ब्रेकला नाही. जिम्नीवाल्यांनी तर अजून जपून, तिथं ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून असलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) आहे, रॉड काढून परत बसवताना चाक एक दाता इकडं तिकडं झालं की डॅशबोर्डवर दिवे लागायला सुरुवात.

माझी स्वतःची फजिती क्लचची. जिप्सीला क्लच केबलवर आहे. बॉडी वर गेली, केबल ताणली गेली आणि पेडलला जो थोडा मोकळा खेळ असतो तो गेला, म्हणजे पाय न ठेवताही क्लच अर्धवट दाबलेलाच. हे मला सपाट रस्त्यावर कळलंच नाही. यवतेश्वरचा घाट चढताना जळका वास यायला लागला, पुढं एसटी होती, मी आपला तिच्या ब्रेकला शिव्या देत वर गेलो, आणि वर पोचल्यावर इंजिन ओरडतंय पण गाडी उचलत नाही. प्लेट गेली. गाडी टेम्पोवर खाली आली ते वेगळंच. दोन मिनिटांत खेळ सेट करता आला असता. ॲक्सिलरेटर केबलचंही तसंच, लिफ्टनंतर आयडल, म्हणजे उभ्या गाडीत पाय न देता इंजिनचा वेग, उगाच वर राहत असेल तर कार्बोरेटर उघडायच्या आधी केबल बघा.

पंख्याचं तर चावी मारल्या मारल्या कळतंय. रेडिएटर बॉडीबरोबर वर गेला, पंखा इंजिनवर खालीच, त्यामुळं पाती शराउडच्या (पंख्याभोवतीच्या कड्याच्या) खालच्या कडेला खर्र करून लागतात. लोक शराउड काढून फेकून देतात आणि मग उन्हाळ्यात घाटात काटा लालवर. शराउड काढला की पंखा समोरची हवा ओढायच्या ऐवजी आजूबाजूचीच फिरवत बसतो. रेडिएटर तेवढाच खाली घ्यायला पट्ट्या करून घ्या, नाहीतर शराउड तरी खाली सरकवा. होज पाइप कुठं घासतात ते पण त्याच वेळी बघा.

गिअर मधेच सुटतोय, फोर बाय फोरची दांडी नीट पडत नाही, असं झालं तर गिअरबॉक्स गेला म्हणून घाबरू नका. बहुतेक वेळा दांडी फ्लोअरच्या भोकाच्या कडेला नाहीतर दांडीभोवतीच्या रबरी बुटाला (कव्हरला) अडकलेली असते. स्टार्टर मलूल फिरतोय, लाइट मंद, तर इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी तुटली किंवा सैल झाली. ब्रेकचे लोखंडी पाइप ताणून ओढून पोचवायचे नाहीत, क्लिपा सोडून हलक्या हाताने वळण मोकळं करा, तरी पोचत नसेल तर नवीन पाइप.

आता ठोकळे आणि बोल्ट. सागवानी लाकडाचे, पाइपचे तुकडे, वॉशरची चळत, हे सगळं मी बघितलंय. चांगल्या नायलॉनचे किंवा ॲल्युमिनियमचे सलग एकाच तुकड्याचे ठोकळे करा, एकावर एक नको. जुने रबरी बुश काढून टाकून तिथं नुसता ठोकळा घालायचा नाही, बुश पाहिजेतच, आणि तडकले असतील तर ह्याच वेळी बदला, परत कोण उचलणार? ठोकळा ५० मिमीचा तर बोल्टही ५० मिमी जास्त लांब, डोक्यावर ८.८ हा ताकदीचा आकडा कोरलेला बघून घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला आटे पाडलेला साधा रॉड कापून घालू नका, लांब बोल्टवर वाकायचा जोर येतो, साधं लोखंड टिकत नाही.

आपल्याकडं महाबळेश्वर, कोयना बाजूला फिरलेली गाडी असेल तर बोल्ट गंजून एकजीव झालेले असणार. आदल्या दोन दिवसांपासून गंज सोडवायचं तेल मारत राहा. जोर लावला आणि बॉडीतला वेल्ड केलेला नट आतल्या आत फिरायला लागला तर कार्पेट काढून वरनं फ्लोअर कापायची वेळ येते. उचलताना एकावेळी एकच बाजू. दुसऱ्या बाजूचे बोल्ट सैल करायचे पण काढायचे नाहीत, नाहीतर बॉडी सरकती आणि परत भोकं जुळवताना तोंडाला फेस. जॅक आणि बॉडीच्या मधी जाड फळी, तीही दाराखालच्या पट्टीला, पातळ फ्लोअरला नाही. चेसिस आणि बॉडीच्या फटीत बोटं घालू नका, ठोकळा सरकवायला काठी वापरा.

कायद्याचं पण डोक्यात ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय की कंपनीच्या मूळ रचनेच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत, आणि दंड बदलागणिक ५,००० रुपये. इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी हेच काढतात. आधी आरटीओत विचारा, मग खर्च करा.

मोठे टायर घातल्यावर मीटर जवळपास १० टक्के कमी दाखवतो, काटा ६० वर म्हणजे खरे ६६. गाडीचा भार वर गेलाय, त्यामुळं चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांपाशी आडवा वारा लागला की फरक जाणवणारच. हेडलाइटही खाली करून घ्या, नाहीतर समोरचा शिव्या देत जातो. पहिली चक्कर घाटात नको, एखाद्या मोकळ्या मैदानात स्टिअरिंग दोन्ही बाजूला शेवटपर्यंत फिरवून, खड्ड्यातनं एक एक चाक घालून बघा. शे-दीडशे किलोमीटर झाले की सगळे बोल्ट परत कसा, आणि कसून झाल्यावर नट आणि वॉशरवर मिळून एक रंगाची रेघ ओढा. पुढच्या वेळी खाली वाकून बघितलं की रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय, पान्हा लावून बघायची पण गरज नाही.