लिनक्सच्या फाइलसिस्टिम समिटचं बोलावणं कसं मिळवावं

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, डिस्क, फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली कशा ठेवायच्या ते बघणारा भाग) आणि मेमरीचं काम बघणारी मंडळी वर्षातून एकदा, हल्ली तीन दिवस, समोरासमोर भेटतात. २००६ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडला फाइलसिस्टिमवाल्यांची एक छोटी कार्यशाळा झाली होती. पुढे त्यात स्टोरेजवाले आले, मग मेमरीवाले, २०१९ पासून बीपीएफवालेही (बीपीएफ म्हणजे चालू कर्नलमध्ये छोटे प्रोग्रॅम सुरक्षितपणे चालवायची सोय). म्हणून आज तिचं नाव एलएसएफ/एमएम/बीपीएफ समिट असं लांबलचक आहे. २०२३ मध्ये ती व्हँकूव्हरला झाली, २०२४ मध्ये सॉल्ट लेक सिटीला, २०२५ मध्ये माँट्रियलला. इथे तिकीट काढून जाता येत नाही, बोलावणं लागतं. पण ते फक्त ओळखीवर मिळतं हा गैरसमज आहे. कार्यक्रम समिती दरवर्षी जाहीरपणे विषय मागवते आणि विषय कुणीही पाठवू शकतो.

आधी प्रश्न, मग अर्ज

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. समितीला तुमच्या अनुभवाची वर्षं मोजायची नसतात. ईमेलवर भांडून सुटत नाही असा कोणता प्रश्न तुम्ही घेऊन येताय, एवढंच तिला बघायचं असतं. पॅच, म्हणजे कोडमधला बदल, तयार असेल आणि कुणाची हरकत नसेल, तर तो सरळ पाठवून द्या, त्यासाठी विमानात बसायची गरज नाही. दोन मेंटेनरांची (कर्नलचा एकेक भाग सांभाळणाऱ्यांची) मतं जुळत नाहीत, किंवा एकच बदल फाइलसिस्टिम आणि मेमरी अशा दोघांच्या हद्दीत शिरतो, तिथे मात्र खोलीत बसून बोलावं लागतं.

२०१८ चं एफसिंक प्रकरण याचा उत्तम नमुना आहे. प्रोग्रॅमने फाइलमध्ये लिहिलं की मजकूर सहसा लगेच डिस्कवर जात नाही, आधी पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, बसतो. तो नक्की डिस्कवर गेला का, हे विचारायचं साधन म्हणजे एफसिंक. पोस्टग्रेस या डेटाबेसची समजूत अशी, की एफसिंक फसलं तर पुन्हा करून बघावं. पण डिस्कवर लिहिताना चूक झाली की कर्नल ती एकदा कळवायचा आणि पुढचं एफसिंक ‘सगळं ठीक’ म्हणायचं. पेज कॅशमधली न लिहिलेली पानं (मजकुराचे तुकडे) लिहून झाली अशी नोंद होऊन बसलेली असायची. डेटा गेलेला, आणि कुणाला पत्ता नाही! त्या वर्षी पार्क सिटीच्या समिटमध्ये हा विषय मांडणारा पोस्टग्रेसच्या बाजूचा होता, कर्नलच्या नव्हे. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये पोस्टग्रेस ११.२ आलं. त्यात एफसिंक फसल्यावर पुन्हा प्रयत्न न करता डेटाबेस मुद्दाम थांबतो आणि लॉगवरून, म्हणजे केलेल्या बदलांच्या नोंदीवरून, सावरतो.

म्हणजे तुम्ही कर्नलमध्ये एक ओळही लिहिली नसेल, तरी वापरणाऱ्यांच्या बाजूने आणलेल्या खऱ्या दुखण्याला तिथे जागा आहे. पुण्यात वर्षानुवर्षं स्टोरेज सॉफ्टवेअर बनतंय, त्यामुळे अशी दुखणी आपल्याकडे कमी नसावीत.

प्रस्ताव लिहिताना

‘मला एक्सएफएस या फाइलसिस्टिममध्ये रस आहे, चर्चा ऐकायला आवडेल’ असं लिहू नका. ऐकायला सगळ्यांनाच आवडतं. एफसिंकचा प्रस्ताव मी लिहिला असता तर तो साधारण असा: ‘लिहिण्यातली चूक एकदाच कळते आणि नंतर पुसली जाते. त्यामुळे डेटाबेसचा चेकपॉइंट (इथपर्यंतचं सगळं डिस्कवर गेलं अशी खूण) खोटा ठरतो. चूक किती काळ आणि कुणाकुणाला कळवायची, हे फाइलसिस्टिम आणि मेमरीवाल्यांनी मिळून ठरवायला हवं.’ काय मोडतं, कुणाचं मोडतं, कुणी काय ठरवायचं. यापलीकडे फार लांबण नको.

सोबत पुरावा द्या. डिस्क बिघडल्याचं नाटक करणारं डीएम-फ्लेकी नावाचं साधन कर्नलमध्येच आहे. ते वापरून बिघाड पुन्हा घडवून दाखवणारी छोटी स्क्रिप्ट जोडली, तर दहा परिच्छेदांचं काम होतं. ती एक्सएफएसटेस्ट्स या फाइलसिस्टिमच्या चाचणीसंचात चाचणी म्हणून घालता आली तर फारच छान. आधी कुणी काय सुचवलं होतं आणि ते का बारगळलं, हेही लिहा. जुनी चर्चा न वाचता आलेला माणूस या मंडळींना चटकन कळतो.

पाठवणं आणि पुढचे काही आठवडे

समितीच्या निवेदनात विषय-ओळ कशी लिहायची ते दिलेलं असतं, तसंच लिहा. प्रस्तावाची प्रत संबंधित विभागाच्या मेलिंग लिस्टवरही टाका. यायची इच्छा कळवण्याचा फॉर्म वेगळा असेल तर तो विसरू नका. प्रस्ताव पाठवला म्हणजे नाव नोंदलं गेलं असं समजू नका.

मग लोक प्रश्न विचारतील, काही जण फटकळपणे. उत्तरं द्या, आणि चर्चेतच तोडगा निघाला तर आनंदाने विषय मागे घ्या. मला वाटतं समितीचं खरं लक्ष या देवाणघेवाणीकडे असतं. जो ईमेलवर ऐकून घेतो तो खोलीतही ऐकून घेईल, असा साधा हिशेब.

व्हिसा

ठिकाण जाहीर झालं की लगेच तयारीला लागा. अमेरिका असेल तर मुंबईच्या वाणिज्य दूतावासातल्या मुलाखतीची तारीख लवकर मिळेलच असं नाही. बोलावणं आलं की आयोजकांकडून व्हिसासाठी पत्र मागून घ्या. प्रवासखर्च कंपनी देणार का, हे प्रस्ताव पाठवण्याआधीच साहेबांना विचारलेलं बरं.

खोलीत

स्लाइड्सचा गठ्ठा नेऊ नका. इथे भाषण नको असतं, चर्चा हवी असते. एक सत्र साधारण अर्ध्या तासाचं. पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न मांडा आणि मग गप्प बसून लिहून घ्या. सत्र संपण्याआधी ‘पॅच कोण लिहिणार?’ हे मोठ्याने विचारा. कुणीच हात वर केला नाही तर तो तुमच्याकडेच आहे असं धरा, आणि घरी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात निदान कच्चा मसुदा पाठवा.