पहाटे होडी काढण्याआधी बोया बघा

रत्नागिरीच्या भाट्ये खाडीचं तोंड गाळाने भरलेलं आहे. राजिवड्याहून होडी बाहेर काढायची तर त्या तोंडावर आज कशा लाटा फुटतायत ते आधी कळायला हवं. वाऱ्याचा वास आणि पाण्याचा रंग ओळखायला मला चाचांनी शिकवलं. ते मी सोडलेलं नाही, फक्त त्याला फोनची जोड दिली आहे.

आदल्या रात्री हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचं ‘समुद्रा’ ॲप उघडा. रत्नागिरीला उंच लाटांचा इशारा आहे का ते बघा. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा वेगळा असतो, तोही वाचा. दोन्हींपैकी कुठेही ‘समुद्रात जाऊ नये’ असं असेल तर पुढचं काहीच बघायची गरज नाही. झोपा. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ आलं तेव्हा खिशात असं काही नव्हतं, हे मी तरुण खलाशांना पुन्हा पुन्हा सांगतो.

मग वाऱ्यासाठी विंडी हे ॲप. एकक नॉटवर ठेवा. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. सरासरी वाऱ्यासोबत झोतांचा आकडाही बघा, कारण होडी कलंडते ती झोताने. ईसीएमडब्ल्यूएफ आणि जीएफएस ही हवामानाचा अंदाज देणारी दोन मॉडेल जुळली नाहीत तर मी वाईट सांगणारं धरतो. रात्री जमिनीवरून येणारी मतलई आणि दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे मात्र किनाऱ्यालगत या मॉडेलांत नीट उतरत नाहीत. तिथे चाचांचंच खरं.

इथपर्यंत सगळा अंदाज झाला. आत्ता पाण्यावर काय चाललंय ते बोया सांगतो. रत्नागिरीसमोर समुद्रात इन्कॉइसचा लाटा मोजणारा, तरंगता पिवळा गोल बोया आहे. त्याचे आकडे इन्कॉइसच्या संकेतस्थळावर दिसतात. ते पान फोनच्या होम स्क्रीनवर आणून ठेवा. आधी शेवटच्या नोंदीची वेळ बघा. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असेल तर साडेपाच तास मिळवा. नोंद कालची असेल तर तिच्यावर विसंबू नका.

मग लाटेची उंची. बोयावर १.२ मीटर दिसलं म्हणून प्रत्येक लाट तेवढीच नसते. ती सगळ्यात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. त्यातच एखादी लाट जवळपास दुप्पट उंचीची येते, आणि ती तोंडावरच गाठेल असं धरून चाला.

पण माझी नजर उंचीआधी सेकंदांवर जाते. एका लाटेमागून दुसरी किती सेकंदांनी येते, तो हा आकडा. एका पहाटे वारा जेमतेम ८ नॉट होता, लाट १.२ मीटर. मी निघालो. सेकंद होते १४, ते मी वाचलेच नव्हते. ५-६ सेकंदांची लाट जवळच्या वाऱ्याची, होडीला नुसती हादरवते. १४ सेकंदांची लाट दूर दक्षिणेच्या वादळातून आलेली असते. खोल पाण्यात तिची लांबी ३०० मीटर भरते, म्हणून ती कळतही नाही. उथळ गाळावर आली की तीच उभी राहते आणि फुटते. त्या दिवशी इंजिन बंद पडलं असतं तर आम्ही तिघं घरी आलो नसतो. तेव्हापासून १२ सेकंदांच्या वर आकडा असेल आणि ओहोटी लागलेली असेल, तर मी भरतीची वाट बघतो. मासळी गेली तर गेली.

निघताना सगळ्या आकड्यांचे स्क्रीनशॉट घ्या, बाहेर रेंज जाते. व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरच्या चॅनेलवर ठेवा. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर घरच्यांनाही पाठ असू द्या.

आणि एक कळकळीची विनंती. त्या बोयाला होडी बांधू नका, जाळं अडकलं तर त्याचा दोर कापू नका. तो वाहून गेला की दुसऱ्या दिवशी पहाटे तोंडावर उभ्या असलेल्या कुणालाच सेकंद दिसत नाहीत.